सामाईक हिस्सा

“काका, मंग आजीचे व्हिडिओ कुठं ठिवायचे?” करिष्मानं विचारलं, आणि शहादेवची पेन्सिल चौकटीच्या वहीवर होती तिथंच थांबली. तोवर सगळं बिनबोभाट चाललं होतं. लॅपटॉपची पाचशे जीबीची डिस्क त्यानं वहीच्या आडव्या पानावर पन्नास चौकोनांत मांडली होती. एक चौकोन दहा जीबीचा. डावीकडचे पंधरा चौकोन विंडोजचे. ते आधीपासूनच तिथं नांदत होतं, त्याला उठवायचं नव्हतं. उजवीकडचे बारा नव्या लिनक्सचे, म्हणजे विंडोजच्या शेजारी बसवायच्या दुसऱ्या सिस्टीमचे: पाच त्याला स्वतःला, सहा त्याच्या रोजच्या फायलींना आणि मेमरी कमी पडली तर टेकायला म्हणून एक. मधला तेवीस चौकोनांचा पट्टा कोरा होता. त्यावर, गेली वीस वर्षं हरेक पोरापोरीला लिहून दाखवलं तसं, ‘सामाईक’ असं लिहायचं म्हणून त्यानं पेन्सिल टेकवली होती. आणि मध्येच हे आजीचं निघालं.

“कसले व्हिडिओ?” त्यानं विचारलं. आपला आवाज एवढा बारीक का आला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

“मी काढलेले. डी ड्राइव्हला हायत. एकसष्ट हायत सगळे.” घरात ज्वारीची किती पोती आहेत हे सांगावं तितक्या सहज करिष्मा सांगत होती. “लॉकडाऊनमधी माझे शाळेचे तास असायचे ना ह्याच्यावर, तवा आजी शेजारी येऊन बसायची. तास संपला की म्हणायची, आता माझा तास घे. मंग मी कॅमेरा चालू करायचे आन् ती आबांसंगं बोलायची. पुढं शाळा उघडली तरी आठ-पंधरा दिवसाला एक व्हायचाच.”

“आबांसंगं?”

“हां. आबांसंगंच.”

शहादेवनं दाराकडं पाहिलं. बाहेर पत्र्याच्या सावलीत, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून आबा बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. कान जवळजवळ गेलेले, नजर मात्र अजून शाबूत. रोज सकाळी दहाला ते शहादेवच्या मोटरसायकलवर मागं बसून केजच्या या दुकानात यायचे आणि संध्याकाळपर्यंत रस्ता बघत बसायचे. तहसीलला कामासाठी आलेली माणसं, एसटी स्टँडकडं पळणाऱ्या बाया, आणि समोर लिंबाखाली उभं राहून ‘धारूर, तेलगाव’ म्हणून ओरडणारे जीपवाले. पूर्वी दुकानात क्लास भरायचा, एकेका कॉम्प्युटरवर तीन-तीन पोरं. मग मोबाइल आले आणि पोरं गेली. आता झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि अधूनमधून कुणाचा तरी आजारी लॅपटॉप एवढंच उरलं होतं. तरी गावात त्याला अजून ‘सर’च म्हणत. ‘आधी कागद, मग माउस,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि जुने विद्यार्थी भेटले की त्याला तेच वाक्य ऐकवून चिडवत. चुकायचं असेल तर पेन्सिलीनं चुकावं, ते खोडता येतं, असं तो म्हणायचा. असं म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यातली सर्वांत मोठी वाटणी निळ्या शाईच्या पेनानं केली होती.

करिष्मा त्याच्या धाकट्या भावाची, भागवतची मुलगी. पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, सोमवारी जायचं होतं, आणि तिथं लिनक्स लागतं असं वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती आज गावाकडून, दिंद्रुडहून जीप बदलत, धारूरचा घाट चढून, पाठीला जुना लॅपटॉप लावून आली. चार वर्षांत या दुकानाची पायरी भागवतच्या घरातलं कुणी चढलं नव्हतं. ती जीपमधून उतरली तेव्हा आबांनी आधी तिला ओळखलंच नाही. ती पाया पडली, उभी राहिली, आणि त्यांनी तिच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. “हिचं नाक तिचं हाय,” एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले. ‘ती’ म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. “पप्पाच म्हणले, काकाकडं जा,” करिष्मानं आत आल्यावर सांगितलं होतं. “म्हणले, त्याच्यापरीस सरळ वाटण्या कुणाला जमत न्हाईत.” हे म्हणताना भागवत हसला होता का, असं विचारायचं शहादेवच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही.

“मधला पट्टा सामाईक,” तो आता घसा खाकरून म्हणाला. काहीतरी बोलत राहणं भाग होतं, आणि हे त्याला झोपेतही बोलता येत होतं. “व्हिडिओ तिथंच राहतील. आत्ता जो डी हाय, त्योच हा, उजवीकडून आवळलेला. नीट ऐक. एका डिस्कवर दोन सिस्टीम ठेवल्या की त्यांना एकमेकीचं घर कळत न्हाई. विंडोजला तर लिनक्सचा हिस्सा उघडताबी येत न्हाई. त्याला वाटतं तिथं काहीच न्हाई, पडीक जागा हाय. वर विचारतं, फॉरमॅट करून टाकू का? कुणी हो म्हणलं की संपलं. म्हून मधे एक हिस्सा असा ठिवायचा जो दोघांनाबी वाचता येतो. ज्या चीजा दोघांच्या हायत, ज्यांच्याबिगर दोघांचंबी चालत न्हाई, त्या कुणा एकाच्या घरात टाकायच्या न्हाईत. त्या सामाईकात…” इथं त्याचं बोलणं बंद पडलं. शेकडो पोरांसमोर म्हटलेलं हे वाक्य आज त्यानं पहिल्यांदा स्वतः ऐकलं. करिष्मा वाट बघत होती. तिला वाटलं, काका विसरले. “लिहा की काका,” ती म्हणाली, आणि त्यानं कोऱ्या पट्ट्यावर ‘सामाईक’ असं एकेक अक्षर लावून लिहिलं. शेवटच्या ‘क’ला पेन्सिलीचं टोक मोडलं.

अकरा वर्षांपूर्वी अशीच चौकटीची वही होती. त्यांच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. उचलायचा हक्क दुसऱ्याचा असला की पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. शहादेवचा हात नाहीतरी सरळच होता, आणि त्याला त्याचा माजही होता. तेव्हा क्लास जोरात चालायचा. सगळं जग चौकोनांत मांडता येतं असं वाटायचे ते दिवस. त्यानं दिंद्रुडच्या ओसरीत बसून जमीन मांडली, गुरं मांडली, घराच्या खोल्या मांडल्या. रस्त्याकडची जमीन एकीकडं, विहिरीची दुसरीकडं. सामाईक म्हणून काही ठेवायचं नाही यावर तो अडून बसला. सामाईक विहीर, सामाईक खळं यावरून भावाभावांत डोकी फुटलेली त्यानं पाहिली होती. मोहनराव म्हणून गावातले एक जाणते मध्यस्थ बसले होते, त्यांनी मान डोलावली. वाटणी असावी तर अशी, म्हणाले. मग शेवटी, उठता उठता, त्यांनीच विचारलं, “आन् म्हातारा-म्हातारीचं?” शहादेवनं पेन अजून खाली ठेवलंही नव्हतं. दोन्ही वाट्यांच्या चिठ्ठ्या समोरच होत्या. रस्त्याकडच्या जमिनीखाली त्यानं लिहिलं ‘आबा’ आणि विहिरीखाली लिहिलं ‘माय’. दोघं एकाच्या गळ्यात नकोत, भार सारखा पडावा, एवढाच त्याचा विचार. खरं तर विचारही नव्हता, हाताला लागलेलं वळण होतं. भागवतनं विहीर उचलली. विहिरीबरोबर आई त्याच्याकडं गेली.

आई तेव्हा चुलीपुढं होती. दगडाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, चिठ्ठी तिला वाचून दाखवावी लागली. ती रडली नाही, भांडली नाही. दोन्ही पोरांकडं न बघता तिनं फक्त एवढंच विचारलं, “म्हंजी ह्येंनी केजला ऱ्हायचं?” कुणीतरी हो म्हणालं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि आबांच्या ताटात वाढली. त्या दिवशी सगळे एकत्र जेवले, शेवटचे. आठवड्यानं शहादेव आबांना घेऊन केजला आला, सोबत त्यांच्या दोन धोतरांच्या जोड्या, एक घोंगडी आणि पितळेचा पाण्याचा तांब्या. वाईट असं कुणीच वागलं नाही, हीच तर पंचाईत होती. शहादेवची बायको वनमाला सासऱ्याला हवं-नको बघायची. आबा महिन्यातून एकदा जीपनं दिंद्रुडला जायचे, चार दिवस राहून यायचे, आणि आले की दोन दिवस अगदी गप्प असायचे. आईला घाटात गाडी लागायची, पोटातलं सगळं उलटून पडायचं, म्हणून ती येत नसे. पुढं आबांचे गुडघे गेले. फोन लावून दिला तर आबांना ऐकू यायचं नाही. आई तिकडून ओरडायची, आबा इकडून ‘आँ? आँ?’ करायचे, आणि पोरं हसायची. दोघांनाही लाज वाटायला लागली आणि फोन बंद झाला. मग चार वर्षांपूर्वी बांधावरची बाभूळ कुणी तोडली यावरून भाऊ भांडले. सामाईक काहीच नव्हतं, तरी भांडायला एक बाभूळ सापडली. तेव्हापासून आबांना दिंद्रुडला न्यायचं कुणी नाव काढलं नाही, आणि आबांनी कुणाला म्हटलंही नाही.

करिष्मानं लॅपटॉप चालू केला. बॅटरी केव्हाच मेलेली, पिन निघाली की सगळं बंद. शहादेवनं इन्व्हर्टर तपासला, वायर टेबलाच्या पायाला दोनदा गुंडाळून चिकटपट्टीनं बांधली. हिस्सा आवळायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडं काढून ठेवायचं, हा पहिला नियम. डी उघडला. पुस्तकांचे फोल्डर, परीक्षांचे, आणि एक ‘आबासाठी’. तेवीस जीबी. दुकानातला पेन ड्राइव्ह सोळाचा, म्हणून त्यानं कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर वायरीनं जोडला आणि कॉपी लावली. पडद्यावर एकामागून एक नावं सरकायला लागली. करिष्मा नीटनेटकी पोरगी, तिनं प्रत्येकाला तारीख दिली होती आणि शेजारी एखादा शब्द: भुईमूग. दात दुखतो. गाय व्याली. पाऊस न्हाई. आबांचा सदरा. नागपंचमी. शहादेव ती नावं वाचत राहिला. त्याच्याच आईच्या घरातली चार वर्षं त्याच्यासमोरून चालली होती आणि त्यातली एकही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. गाय कधी व्याली? दात काढला की तसाच राहिला? त्याला ते उघडून बघावंसं वाटत होतं आणि हात पुढं जात नव्हता. आईनं एकसष्ट वेळा बसून काय सांगितलं असेल? कुणी चिठ्ठीवर नावं लिहिली ते ती विसरणं शक्यच नव्हतं.

“करिष्मा,” शेवटी न राहवून त्यानं विचारलं, “माझ्याबद्दल काय बोललीय ती?”

करिष्मानं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, डोळे बारीक करून. “तुमचं नाव कुठं न्हाई, काका. पप्पांचंबी न्हाई. तिला तेवढ्या येळात आबांशीच बोलायचं असायचं.”

शिव्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ऐकून घेता आल्या असत्या, खाली मान घालून बसता आलं असतं, कधीतरी त्या फिटल्याही असत्या. पण आईच्या त्या सगळ्या बोलण्यात तो नव्हताच. त्याला एकदम लहानपणीचं आठवलं. ज्वारीच्या राखणीला रात्री माचाणावर तो दोघांच्या मध्ये झोपायचा आणि आई-आबा त्याच्या डोक्यावरून हळू आवाजात बोलत राहायचे. पिकाचं, पाहुण्यांचं, काहीबाही. शब्द कळायचे नाहीत. नुसता एक आवाज इकडून जायचा, मध्ये थोडी शांतता, मग दुसरा तिकडून यायचा, आणि त्या ये-जा करणाऱ्या आवाजांच्या खाली त्याला गाढ झोप लागायची. तसली झोप पुढं कधी लागली नाही. तो आवाज त्यानं स्वतःच्या हातानं मधोमध कापला होता आणि वर लोकांची वाहवा घेतली होती.

कॉपी झाली. त्यानं मोजून पाहिलं, एकसष्टच्या एकसष्ट. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डी उजवीकडून आवळायला लावला आणि हात मागं घेतला. पडद्यावर पिवळा पट्टा मुंगीच्या चालीनं सरकायला लागला. खाली आकडा आला: एक तास दहा मिनिटं. असाच पट्टा त्या दिवशीही होता. मागल्या ज्येष्ठात, सकाळी अकराला, दिंद्रुडच्या एका शेजाऱ्यानं फोन केला होता, “माय लई शिरेस हाय, आबाला घिऊन निघा.” टेबलावर तहसीलमधल्या कुणाचा तरी लॅपटॉप होता, हिस्से सरकवायचं काम अर्ध्यात, आकडा एक तास चाळीस मिनिटांचा. हे काम अर्ध्यात सोडता येत नाही. वीज गेली किंवा कुणी बंद केलं तर इकडचंही जातं आणि तिकडचंही. आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं. माणसाचं डोकं अशा वेळी किती मूर्खासारखं सरळ चालतं! एवढं होऊ दे, मग निघू, त्याला वाटलं. आबांना त्यानं ओरडून सांगितलं तेव्हा ते काठी टेकत उठले, नळावर तोंड धुतलं, डोक्याचा पटका सोडून परत नीट बांधला आणि दारात उभे राहिले. “निघायचं का?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. “थोडंच ऱ्हायलंय, आबा.” पुन्हा एकदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पट्ट्यात बोटभर जागा उरली होती. ते दिंद्रुडला पोचले तेव्हा अंगणात माणसं त्यांच्यासाठीच खोळंबली होती. आईनं सवा वाजता डोळे मिटले होते. त्या माणसाचा लॅपटॉप मात्र उत्तम झाला, एक फाइल गेली नाही. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. भागवतला नाही, वनमालालाही नाही. आबांना सांगायची गरज नव्हती, ते दारात उभे होते.

दुपारी तिघं दुकानातच जेवली. वनमालानं डबा पाठवला होता: पोळ्या, वरण, वांग्याची भाजी. आबांनी नेहमीसारखी पोळी कुस्करून वरणात भिजवली आणि खाली मान घालून खाल्ली. करिष्मा त्यांच्याकडं बघत होती. पट्टा सरकत होता. हात धुताना शहादेव तिला हळूच म्हणाला, “हे बघ, आबांना आत्ता काही सांगू नको. वय झालंय, सोसायचं न्हाई त्यांना. मी दाखवीन नंतर. सवडीनं.” असं म्हणताना तो आबांची काळजी करत होता हे खरं, पण सगळं खरं नव्हतं. पट्टा जसा पुढं जाई तसं त्याच्या मनात आलं होतं की आता त्या दोघांचं बोलणं त्याच्या हातात आहे, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये त्याची एक प्रत आहे, आणि ते कधीच कुणाला ऐकवलं नाही तरी कुणी विचारणार नाही. एवढ्या वर्षांचं जे दबलं आहे ते उगाच वर का काढा.

“काका, मी तेव्हाच आजीला म्हणत होते, तुमच्या फोनवर पाठवते,” करिष्मा म्हणाली. ती आवाज चढवून बोलत नव्हती, पण तिचं नाक आईच्या नाकासारखं फुललं होतं. “आजी म्हणायची, नगं. ते फोनवर आँ आँ करत्यात. इथं आले की दाव, म्या शेजारी बसंन. सारखी म्हणायची, इथं आले की दाव. ते आलेच न्हाईत. तुमी आणलंच न्हाई त्यांला. म्हून मी आलेय. लिनक्स काय, पुण्यात बी कुणीबी टाकून दिलं असतं.”

शहादेवनं ओले हात पँटला पुसले. एवढीशी पोर, सोमवारी गाव सोडणार, आणि घाट ओलांडून ती जे करायला आली होती ते एवढ्या वर्षांत त्याला सुचलं नव्हतं. तो जागेवर जाऊन बसला. दारातून आबांची पाठ दिसत होती, तो मळका सदरा, मानेवरच्या सुरकुत्या. आणि आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की खुर्चीचं तोंड एसटी स्टँडकडं नाही, तहसीलकडंही नाही. ती रोज थोडी तिरपी असते. रोज सकाळी तो स्वतः ती सरळ मांडतो आणि आबा बसायच्या आधी ती तिरपी करतात, समोरच्या लिंबाकडं, जिथून तेलगावच्या जीपा सुटतात. दिंद्रुडला जाणाऱ्या. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचा वेळ जातो.

पट्टा संपला. मग लिनक्स चढवायचं काम यंत्रासारखं झालं: पाच चौकोन, सहा चौकोन, एक. त्यानं विंडोजची अर्धवट झोपायची खोड बंद केली, नाहीतर ते बंद केल्यावरही सामाईक हिश्शाचं दार धरून बसतं आणि दुसऱ्याला आत काही ठेवू देत नाही. तीनच्या सुमाराला लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, कुठल्या घरात जायचं ते विचारणाऱ्या, आणि बाजूला दहापासून खाली येणारे आकडे. करिष्मानं खालची ओळ निवडली. नवीन पडदा उघडला, स्वच्छ, त्यावर काहीच नाही. तिनं सामाईक हिस्सा उघडला. ‘आबासाठी’ होतं. आतले एकसष्ट जसेच्या तसे होते. “दिसतंय की काका,” ती हसली. शहादेव उठला, दारात गेला आणि आबांच्या कानाशी वाकला. “आबा, आत चला.” “कावून?” आबांनी विचारलं. त्यानं काय सांगावं? “माय हाय,” तो म्हणाला, आणि लगेच वाटलं की हे असं म्हणायला नको होतं. पण आबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, काठी टेकली आणि उठले. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिची राख त्यांनी स्वतः सावडली होती, उकिडवं बसून, कुणाला हात लावू न देता. तरी ते दुकानाची एक पायरी भराभर चढले.

क्लासच्या पोरांचा मोठा हेडफोन करिष्मानं त्यांच्या पटक्यावरून कानांवर बसवला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. एवढा की शेजारी बसलेल्या शहादेवलाही सगळं ऐकू येत होतं. पहिला व्हिडिओ. दिंद्रुडची ओसरी, मागं कणगी, आणि आई. तिनं आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जसा ती आबांसमोर ओढायची. “ह्येच्यात बघू का तुज्याकडं?” ती बाजूला कुणाला तरी म्हणाली. मग समोर पाहिलं. “जेवलात का?” तिनं विचारलं, आणि गप्प बसली. शहादेवला वाटलं व्हिडिओ अडकला. पण मागं कोंबडी चालत होती, आईच्या पापण्या हलत होत्या. ती थांबली होती. आबांना बोलायला वेळ लागतो, आधी घसा साफ करतात, मग बोलतात. तेवढा वेळ ती थांबली होती. आबांनी घसा साफ केला. “जेवलो की,” ते म्हणाले, आणि त्याच क्षणी आई पुढं बोलायला लागली, “बरं झालं.” असंच चाललं. भुईमूग बरा आहे. हां. तुमचा निळा सदरा इथंच पेटीत राहिलाय. असू दे. गुडघ्याला तेल लावता का? लावतो. तिनं सोडलेल्या जागेत त्यांचं बोलणं अगदी नेमकं बसत होतं. तोच आवाज होता, माचाणावरचा. इकडून एक जायचा, मध्ये शांतता, तिकडून दुसरा. तो तिथं बसून लहान मुलासारखा रडत होता आणि त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

“तिकडं भाकर कशी हाय?” आई विचारत होती. “वनमाला पापुद्रा करपवून देती का? तुमाला तसाच लागतो. मऊ असली तर तुमी नुसतं पाणी लावून गिळता, म्या बघितलंय.” ती थांबली. शहादेवनं आबांकडं पाहिलं. अकरा वर्षं त्याच्या घरात पोळ्या होत होत्या, म्हाताऱ्या माणसाला चावायला बऱ्या म्हणून. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. आबांनी घसा साफ केला. “देती,” ते मोठ्यानं म्हणाले, “लई कडक करून देती. काळजी करू नगंस.” आई हसली. “मंग बरं,” म्हणाली, आणि पदर सारखा केला. “जाते आता. हिला अभ्यास हाय.” पडदा काळा झाला.

करिष्माचा हात पुढच्या व्हिडिओकडं गेला. आबांनी काठी आडवी करून तो अडवला. “थांब,” ते म्हणाले. “तिचं इचारून झालं. आता माजं ऱ्हायलंय.” ते खुर्चीत पुढं सरकले, काळ्या पडद्याच्या अगदी जवळ गेले. कानांवर तो मोठा हेडफोन, डोळे कोरडे.

“तू जेवलीस का गं?” त्यांनी विचारलं.

आणि ते थांबले. बाहेर जीपवाला तेलगाव, तेलगाव म्हणून ओरडत होता. शहादेवला वाटलं, काहीतरी बोलावं, निदान हात धरावा. पण त्या दोघांच्या मध्ये आता कशाला जायचं? आबा तसेच थांबून राहिले, तिला बोलायला लागेल तेवढा वेळ.